नंबर नसलेले दात

साबणताईला मी पहिल्यांदा धड पाहिलं तेव्हा तिच्यासमोर टबभर दात होते.

हे वाक्य लिहून माझं मलाच हसू आलं, पण त्यात खोटं काही नाही. आमच्या चर्चच्या मंडळीचा एक वृद्धाश्रम आहे. त्याच्या मागच्या अंगाला धुण्याची खोली. तिथल्या पांढऱ्या टबात, सोड्याच्या पाण्यात, चोवीस म्हाताऱ्यांच्या कवळ्या एकमेकींत मिसळून पडल्या होत्या. वरच्या, खालच्या, सगळ्या. टबापाशी साबणताई ओले हात अंगापासून लांब धरून उभी होती, आणि दारात आश्रमाच्या मोठ्या सिस्टर कपाळाला हात लावून.

मी दात बनवतो. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतो आणि मी घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापावरून कवळी घडवतो. प्लॅस्टर, मेण, गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिशचं चाक, चाळीस वर्षं हेच. गिऱ्हाईक मला बघत नाही आणि मी गिऱ्हाइकाला. रविवारच्या उपासनेत कुणी जांभई दिली की मला आपलं काम दिसतं, तेवढीच काय ती ओळख. बायको होती तोवर घरात दोन माणसांचा आवाज असायचा. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी बोलतो ते प्लॅस्टरच्या जबड्यांशी, आणि ते बापडे तोंड उघडं ठेवूनही काही बोलत नाहीत. संध्याकाळी एका माणसापुरतं शिजवायचं, एकच ताट धुवायचं, आणि मग झोप येईपर्यंतचा वेळ खायला उठतो. हे रडगाणं नाही, नुसती माहिती आहे.

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. मला माझ्या कामाचा फार गर्व. या प्रकाराच्या दोन वर्षं आधी मोठ्या सिस्टरांनी आश्रमाच्या कमिटीत सुचवलं होतं, ‘‘आमच्याकडे प्रत्येकाच्या कपड्यांना नंबर शिवलेला असतो. तसा कवळीच्या आतल्या बाजूला बारीकसा नंबर घालता येईल का, दातवाले काका?’’ सगळे मला दातवाले काकाच म्हणतात. मी म्हणालो, ‘‘सिस्टर, आईला आपली पोरं ओळखायला चिठ्ठी लागते का?’’ सगळे हसले. अध्यक्षांनी पाठ थोपटली. नंबराचा विषय तिथेच मिटला आणि मी घरी जाताना स्वतःवरच खूश होतो.

आता साबणताई. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण हाक मारायला कुणी वापरत नसे. तिच्या अंगाला, केसांना, अगदी आवाजालाही साबणाचा वास येतो असं एक आजी म्हणाल्या, आणि ते नाव चिकटलं. वय पन्नाशीच्या आसपास. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिचा अर्धा चेहरा जांभळट होता. जन्मखूण. एका बाजूने बघावं तर चारचौघींसारखी बाई, दुसऱ्या बाजूने बघावं तर माणसं पटकन दुसरीकडे बघतात. सतरा-अठरा वर्षांची असताना ती आश्रमात आली आणि तिला धुण्याच्या खोलीत ठेवलं, कारण ती खोली मागे होती. पुढे कुणी तिला बाहेर काढलं नाही. चौतीस वर्षं. जेवण खोलीच्या दारात आणून ठेवायचे आणि मळके कपडे गाठोड्यात बांधून यायचे. चर्चमध्ये ती बाजूच्या दाराने येई आणि मोठ्या खांबाच्या मागे बसे. तिथून वेदी दिसत नाही, पाळकसाहेब दिसत नाहीत, दिसतो तो फक्त खांब. मंडळीत मी तिला वर्षानुवर्षं पाहत होतो असं म्हणता येईल, पण मी खांबच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी आश्रमाला पन्नास वर्षं होणार होती आणि बिशपसाहेब यायचे होते. म्हाताऱ्यांच्या कवळ्या रात्री उशाशी कपात ठेवलेल्या असतात. त्या साफ करणारी मदतनीस नेमकी रजेवर. सिस्टरांनी साबणताईला सांगितलं, ‘‘तेवढे दात घासून घे, उद्या फोटो आहे.’’ साबणताईने सकाळी सगळ्या खोल्यांतून दात गोळा केले आणि एका टबात टाकले. वेडी म्हणून नव्हे. ती चौतीस वर्षं तेच करत आली होती. सगळ्यांचे कपडे एकत्र धुवायचे आणि मग आत शिवलेला नंबर बघून वेगळे करायचे. दातांनाही आत कुठेतरी नंबर असणारच, तिला वाटलं. घासून झाल्यावर एक कवळी तिने उलटी केली, दुसरी उलटी केली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सिस्टरांचा मला निरोप आला तेव्हा नऊ वाजले होते. मी छाती काढून गेलो. आईला चिठ्ठी लागत नाही, हे दाखवायची आयती संधी चालून आली होती.

सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘काका, संध्याकाळपर्यंत काहीही करा. कपड्यांचं मशीन येतंय पुढच्या महिन्यात, म्हणजे हिचं इथलं काम संपलं. हिला वॉर्डात घ्यावं असं मी कमिटीला सांगणार होते. आता हे कळलं तर कोण ऐकेल?’’ हे त्या साबणताईच्या समोरच बोलल्या, जसं टेबलाच्या समोर टेबलाबद्दल बोलतात. मग त्या गेल्या.

मी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि टबाकडे बघून म्हणालो, ‘‘चिंता करू नका. एक तासाचं काम.’’

साबणताई म्हणाली, ‘‘तुम्ही टबाशी बोलताय ते बरंय काका. बाकीचे खिडकीशी बोलतात.’’

मला ओशाळल्यासारखं झालं. मी मान वर केली, पण तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. ती थट्टाच करत होती. टॉवेल अंथरून ती एकेक कवळी पुसून ओळीने मांडत होती, आणि जोड्या लावण्याचं निम्मं काम तिने मी यायच्या आधीच केलं होतं. कोणती वरची कोणत्या खालचीवर बसते, एवढं तिला कुणी न शिकवता समजलं होतं.

पहिल्या पंधरा मी ओळखल्या. काही दातांच्या रंगावरून, काही घडणीवरून. एका बाबांनी पुढचा एक दात मुद्दाम वाकडा मागितला होता, आपला जुना दात तसाच होता म्हणून. एका आजींना फार पांढरे हवे होते, ते अजून दूरवरून चमकत होते. मी एकेक उचलून खोली सांगायचो आणि साबणताई त्या खोलीच्या कपावर चिठ्ठी चिकटवायची. मी फुशारक्या मारत होतो, ती ऐकत होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं बोलणं ऐकत होतं, त्यामुळे मी जरा जास्तच बोललो.

मग गाडं अडलं. उरलेल्या नऊ जोड्या मला सगळ्या सारख्या दिसायला लागल्या. मी त्या खिडकीकडे नेल्या, उजेडात धरल्या, पुन्हा आणल्या. अंगठ्याने चाचपल्या. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे तोवर मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी काम पाठवणं बंद केलं असतं, आणि काम नसलं की त्या मागच्या खोलीत मी आणि प्लॅस्टर, दोघंही नुसतेच. वर्षभर मी बोटांच्या अंदाजावर ओढत होतो. ते नऊ जबडे माझ्याकडे बघत होते. यातला एकही मला ओळखू येत नव्हता, आणि सगळे मीच घडवलेले होते.

साबणताईने ते बघितलं. ‘‘काका, दिसत नाही का?’’ असं तिने विचारलं नाही. थोडा वेळ तिने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग म्हणाली, ‘‘मी सांगून बघू का? चुकलं तर तुम्ही आहातच.’’

तिने एक जोडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘ही सहा नंबरच्या बाबांची असेल. जेवताना त्यांच्या गळ्यात रुमाल बांधतात ना, त्याच्यावर नेहमी डाव्याच बाजूला आमटी सांडलेली असते. रोज डावीकडेच. म्हणजे डावीकडून यांचं काहीतरी सैल असणार.’’

मी डाव्या कडेवरून बोट फिरवलं. कड झिजून बसली होती.

‘‘ही शिवणवाल्या आजींची,’’ ती म्हणाली. ‘‘इथे बघा, पुढच्या दातात खाच आहे. आजी दोरा दातांनीच तोडतात. कपड्यांची तुटलेली बटणं मी त्यांच्याकडे नेऊन ठेवते दाराशी. मला लावता येत नाहीत असं नाही. पण त्यांना कुणीतरी काम सांगावं असं वाटतं.’’

ती खाच मी याआधीही पाहिली होती आणि माझ्या हातून घडवताना झालेली चूक समजून मनातल्या मनात लपवली होती.

तिसरी जोडी बाजूच्या दातांवर तपकिरी झाली होती. तिने ती नाकाशी धरली. ‘‘पाइपवाले बाबा. सिस्टरांनी पाइप काढून घेतलाय, पण खिशात तंबाखूचा चुरा निघतो अजून. मी खिसे झटकून धुते. तुम्ही सांगू नका हं कुणाला.’’

अशी ती सांगत गेली. या माणसांना तिने कधी जेवताना पाहिलं नव्हतं, कुणाच्या खाटेवर बसून दोन शब्द बोलली नव्हती. गाठोड्यातून येणाऱ्या कपड्यांवरून तिने त्यांना ओळखलं होतं. कोण खिशात पाव लपवतो, कारण लहानपणी उपाशी झोपलेला आहे. कोणाचे गुडघे मळतात, कारण तो अजूनही खाली गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि उठता येत नाही म्हणून बराच वेळ तिथेच राहतो. कोणाला रात्री बिछान्यात होतं आणि लाजेने तो चादर स्वतःच पाण्यात बुडवून ठेवतो. चौतीस वर्षांत यातलं एक अक्षर तिने बाहेर काढलं नव्हतं. मी चाळीस वर्षं माणसांच्या तोंडात हात घालून बसलो होतो, आणि मला त्यांच्यातलं काय माहीत होतं? दातांची मापं.

शेवटच्या जोडीपाशी ती थांबली. खालच्या दातांच्या फटीत करड्या लोकरीचे दोन धागे अडकले होते, सोड्यातूनही न निघालेले. तिने ते पिनेने हळूच काढले आणि बोटावर घेऊन बघितले.

‘‘ही अध्यक्षसाहेबांच्या आईंची,’’ ती म्हणाली.

‘‘कशावरून?’’

‘‘सोमवारी त्यांची शाल येते धुवायला, तिच्या काठावर दातांचे वण असतात. फक्त सोमवारीच. रविवारी भेटीची वेळ असते ना दुपारी. ती संपली की त्या शाल तोंडात धरत असणार, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.’’

अध्यक्ष दर आठवड्याला आश्रमात येत. कमिटीची खोली जिन्याच्या डावीकडे, आईची उजवीकडे. ते डावीकडे वळत हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

‘‘हे तर मुळीच कुणाला सांगायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना कळलं तर आजींना बोलतील.’’

बारा वाजता कुणीतरी तिचं ताट दारात ठेवून गेलं. तिने त्यातलं निम्मं मला वाढलं. मी नको म्हणालो, पण खाल्लं. समोर माणूस बसलेला असताना जेवून मला किती दिवस झाले होते याचा हिशेब मी करायला लागलो आणि मग सोडून दिला. सकाळीच कधीतरी मी तिच्या चेहऱ्याकडे सरळ बघून बोलायला लागलो होतो. जांभळी बाजू कोणती होती हे मला आता आठवून सांगावं लागेल.

मी विचारलं, ‘‘वॉर्डात जायचंय तुम्हाला?’’

‘‘जायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘यांचे कपडे खूप झाले बघून. आता माणसं बघावीत असं वाटतं. त्यांची नजर आता तितकी चालत नाही, त्यामुळे घाबरणार पण नाहीत फारशी.’’ ती हसली. ‘‘आणि नाही घेतलं तर जायचं कुठे हा प्रश्न आहेच. माझी खोली याच खोलीच्या मागे. मशीन आलं की तीही जाईल.’’

‘‘बाहेर कुणी आहे का तुमचं?’’

‘‘असतं तर इथे कशाला आले असते?’’

मग मी एक आगाऊ प्रश्न विचारला. चर्चमध्ये पुढे का बसत नाही म्हणून. तिने सांगितलं, पूर्वी बसायची. एकदा पुढच्या बाकावरचं एक मूल तिला बघून रडायला लागलं, आणि त्याची आई उपासनेनंतर अगदी गोड शब्दांत म्हणाली, तुम्हाला तिकडे खांबाजवळ जास्त निवांत वाटेल. ‘‘तेव्हापासून तिकडे. प्रभूला काय, मी दिसतेच. त्याच्या मध्ये खांब येत नाही.’’ साबण संपलाय सांगावं तशा सुरात ती हे बोलली आणि ताट उचलून धुवायला गेली.

दुपारनंतर आम्ही एकेक कवळी गरम पाण्यातून, मग औषधाच्या पाण्यातून काढली आणि मी खोल्याखोल्यांत जाऊन बसवून बघितल्या. ती दाराबाहेर ट्रे घेऊन उभी राहायची. चोवीसच्या चोवीस जुळल्या. एक बाबा हटून बसले, ‘‘हे माझे नव्हेत. माझे इतके स्वच्छ कधीच नव्हते.’’ त्यांनी पाव चावून बघितला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. पाच वाजता माझा जीव भांड्यात पडला. मी घरी आलो, आणि त्या संध्याकाळी घर नेहमीपेक्षा जास्त रिकामं वाटलं. सकाळपासून मला सवय लागली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब आले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचं प्रवचन छान झालं. देव माणसाचं तोंड बघत नाही, अंतःकरण बघतो, असा विषय होता, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग फोटो. म्हातारी मंडळी स्वच्छ दातांनी हसली. फोटोच्या आधी अध्यक्षांनी सिस्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि धुण्याच्या खोलीचं दार लावून घेण्यात आलं. माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. ते दार लागलेलं मी पाहिलं आणि तरी मी फोटोसाठी टाय सरळ केला.

कमिटीची बैठक पुढच्या मंगळवारी झाली. सहा माणसं, लांबडं टेबल. दातांचा घोळ तोवर कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होताच. अध्यक्ष म्हणाले, ‘‘दातवाल्यांनी परवा आपली अब्रू राखली. नाहीतर बिशपसाहेबांसमोर सगळ्यांची बोळकी.’’ लोक हसले. मग ते गंभीर झाले. ‘‘पण त्या धुण्याच्या बाईचं काय करायचं? आता मशीन येतंय.’’

मोठ्या सिस्टरांनी विषय काढला. धीराने काढला, हे मी मान्य करतो. त्या म्हणाल्या, ‘‘तिला वॉर्डात घ्यावं असं माझं मत आहे. चूक झाली, पण त्या दिवशी दिवसभर काकांबरोबर तीच होती. काका, तुम्हीच सांगा. तिला माणसांतलं कळतं का काही? दात ओळखायला तिची मदत झाली का?’’

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला एकच वाक्य बोलायचं होतं. नऊ तिने ओळखल्या. त्यातून कुणाचंही गुपित फुटलं नसतं, शालीचा शब्दही काढावा लागला नसता.

अध्यक्ष मधेच म्हणाले, ‘‘अहो सिस्टर, त्यात तिची कसली मदत? दात यांचेच. यांनीच सांगितलं होतं ना, आईला चिठ्ठी लागत नाही म्हणून? काय हो, तुम्हीच ओळखलेत ना सगळे?’’

नऊ तिने ओळखल्या म्हटलं, तर तुम्हाला का नाही ओळखता आल्या, हा पुढचा प्रश्न होता. त्यानंतर डोळे. त्यानंतर डॉक्टर, काम, मागची खोली. आणि नंबर घालायला मीच नकार दिला होता, हेही कुणाला तरी आठवलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मला एका गोष्टीची भीती वाटली. हे लोक आता माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होते, तसं पुन्हा बघणार नाहीत.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘माझं काम मी नाही ओळखणार तर कोण?’’

‘‘आणि ती?’’ सिस्टरांनी विचारलं.

‘‘तिने पाणी बदललं,’’ मी म्हणालो. ‘‘टॉवेल दिले.’’

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, ‘‘शिवाय वॉर्डात पाहुणे येतात. आपल्याला काही नाही, पण बघणाऱ्याला बरं दिसत नाही.’’ एक महिन्याची मुदत देऊन तिला मोकळं करायचं ठरलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेने बैठक संपवली, आणि मी सगळ्यांच्या बरोबर आमेन म्हणालो.

त्या महिन्यात मी रोज ठरवत होतो की उद्या सिस्टरांकडे जायचं. सकाळी चाक सुरू करताना ठरवायचो, संध्याकाळी एकट्याने जेवताना उद्यावर ढकलायचो. गुडघे टेकून प्रार्थना केली, पण प्रार्थनेत मी देवाला धैर्य मागायचो आणि उठल्यावर ते वापरायचो नाही. शेवटी मी सिस्टरांना सगळं सांगितलं, पण ते पाच महिन्यांनी, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, जेव्हा सांगण्यात माझं काही जायचं उरलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी साबणताईला पत्र घातलं. पण आश्रमातून गेल्यावर ज्या बाईकडे ती धुण्याला लागली होती तिथूनही ती निघून गेली होती, कुठे ते त्या घरी कुणाला माहीत नव्हतं. पत्र परत आलं.

ती गेली त्या दिवशी सकाळी मी आश्रमात चाललो होतो. शिवणवाल्या आजींच्या कवळीला चीर गेली होती. फाटकात साबणताई पत्र्याची ट्रंक घेऊन गाडीची वाट बघत उभी होती. निरोप द्यायला कुणी आलेलं नव्हतं. सिस्टर वॉर्डात होत्या, म्हातारे नाश्त्याला बसले होते, आणि तिला ओळखणारे तसे किती होते? मी तिला लांबूनच पाहिलं आणि दुसऱ्या दाराने जावं असं मनात आलं. तेवढ्यात तिने हात केला.

‘‘बरं झालं भेटलात,’’ ती म्हणाली. ‘‘आजींकडे चाललाय ना? त्यांना बटणं नेऊन देत जा कधी कधी. मशीनमधून कपडे आले की बटणं तुटतीलच. आणि सहा नंबरच्या बाबांची डावी बाजू तेवढी घट्ट करून द्या, अंगावर सांडलं की ते फार ओशाळतात.’’

मी म्हणालो, ‘‘देतो.’’

‘‘आणि अध्यक्षसाहेबांच्या आईंकडे रविवारी दुपारी जात जा. तुम्हालाही बरं वाटेल. एकटे असता.’’

मी एकटा असतो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी ट्रंकेकडे बघत होतो. ट्रंकेच्या कडीला दोरी बांधलेली होती, कुलपाऐवजी.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘मी सिस्टरांना काही विचारलं नाही, त्यांना उगीच वाईट वाटायला नको. पण त्या दिवशी बैठकीत तुम्ही बोललात ना माझ्यासाठी?’’

ती माझ्याकडे बघत होती. पूर्ण चेहऱ्याने, दोन्ही बाजूंनी, सकाळच्या लख्ख उजेडात. आणि आता मान फिरवायची पाळी माझी होती.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘बोललो.’’

‘‘मला ठाऊक होतं,’’ ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. ‘‘नाही घेतलं तर नाही घेतलं, त्याचं काही नाही. पण आजवर माझ्या बाजूने कुणी बोललं नव्हतं. तुम्ही बोललात. हे मी आयुष्यभर लक्षात ठेवीन, काका.’’

गाडी आली. मी तिची ट्रंक उचलून आत ठेवली, आणि तिने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.